झाकणावरचे आकडे

मॅडम, काचेच्या बशीवर काचेचं झाकण टेकलं की टिच् असा बारीक आवाज व्हायचा, तो अजून कानात आहे. नंदुरबारच्या कॉलेजातली ती मागची खोली, मोरीजवळ शिट्या मारणारा कुकर, आणि त्यात डाळीऐवजी प्रयोगाच्या बशा. मी तुमचा लॅब अटेंडंट. सारंगखेड्याहून तापीचा गाळ आणून दिला, तेव्हा तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंत. काडीसारखे जिवाणू काचेवरून संथ सरकत होते. मला संशयच आला. "मॅडम, पानी वाही ऱ्हायनं, हाई चाली नही ऱ्हायनं." तुम्ही हसलात. "मग शेजारी सोडलेले काजळीचे कण का जागचे हलत नाहीत? यांना ना पाय, ना शेपूट. सगळी करामत अंगावरच्या सालीची."

त्या सालीवरच तुमची पीएचडी उभी होती. काही जिवाणू सरकायचं विसरले होते. सगळ्यांना तेलाबरोबर हलवायचं, कोण तेलाला चिकटतो, कोण पाण्यात राहतो ते मोजायचं. साल बदलली म्हणून चाल थांबली का, एवढाच प्रश्न. न सरकणाऱ्यांची वाढ गोल, शाळेत घोकलेल्या आर्येसारखी मात्रा मोजून. त्यांचे सगळे प्रकार दिसायला जुळे. सरकणाऱ्यांचा काठ मात्र पिसासारखा फाकलेला. मला तो फार आवडे.

एका सकाळी सरकणाऱ्याच्या आकड्याखाली गोल वाढ निघाली, आणि गोलाच्या आकड्याखाली पीस. "बशांना कुणी हात लावला?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणून मान हलवली. स्टोअर सांभाळणारे भाऊ खांडबाऱ्याहून गाडीनं येऊन सगळ्यांआधी कुलूप उघडत. ते म्हणाले, "बाई, मी कशाले हात लावू? मले ते दखीसनी शिसारी येस." मी हळूच म्हणालो, "किल्ली तर त्यासनाकडेच ऱ्हास ना." बस, एवढंच. भाऊंना लॅबमधून काढून ऑफिसात बसवलं. एक जोडी चुकली तर त्या जुळ्या गोलांत आधी किती अदलाबदली न कळता झाल्या असतील, या शंकेनं तुम्ही वर्षभराची मापं बाद केलीत. प्रबंध झालाच नाही. पुढं पुढं मलाही भाऊंवरचाच संशय खरा वाटायला लागला.

आकडा बशीच्या बुडाला घाल, झाकणावर नको, असं तुम्ही बजावलं होतंत. पण माझं अक्षर वळणदार; ते वरून दिसावं म्हणून मी झाकणांवरच लिहायचो. आदल्या संध्याकाळी, पीस फुटलं का बघायला, दोन बशा एकदम उघडल्या. दोन्ही अजून कोऱ्याच होत्या. तोंडात सहावीतली कविता. कुठलं झाकण कुठं ठेवलं, खरंच आठवत नाही. आज तुम्ही असतात तर हे पत्र टाकलं असतं का, याचीही मला शंकाच आहे.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात पन्नाशीची अनोळखी बाई, उन्हानं लाल झालेली. "दादा, तुम्हीच लॅबमा व्हतात ना? मी खांडबाराना भाऊसनी पोर." भाऊ मागच्या महिन्यात गेले म्हणाली. मग चप्पलही न काढता कारणच विचारलं, "आबाले लॅबमाईन काब्र काढं व्हतं? आम्ही ईचारं का ते एकच सांगेत, त्यासले ईचार."

चहा टाकतो म्हणून आत आलोय, आणि ओट्यावर कागद ठेवून एवढं लिहितोय. चहा उकळला, मॅडम.