आधी कुणाचं जहाज

६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून विचारलंस. अगं, फोनवर आप्पांना ऐकू येत नाही आणि आपल्या दोघींना ऐकून घ्यायचं नसतं. पत्रात निदान तू मधेच तोडत नाहीस.

तुमच्या सरकारनं कोळसा बाहेर पाठवायला बंदी घातल्याचं पेपरात वाचलं. त्याचा अर्थ मात्र आठवड्यानं कळला, आपल्या बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर भर दुपारी गप्प झाला तेव्हा. आमच्या शहराचं वीजघर तुझ्याच बंदरातल्या कोळशावर चालतं, हे मी आजवर कौतुकानं सांगत आले. आता सांगायची सोय राहिली नाही. वीज जाते कधी आणि येते कधी, कशाचा नेम नाही.

लादी कशी गोठते ते तू विसरली नसशील. मिठाचं पाणी सारखं गार राहिलं तरच ती पोटापर्यंत घट्ट होते. मधेच वीज गेली की बाहेरून दगड आणि आत पाणी. काल तशाच लाद्या काढल्या, फोडायच्या यंत्रात घातल्या आणि खाली नुसता चिखल पडला. बोटवाले मासळीसाठी बर्फ न्यायला टोपल्या घेऊन उभे होते. माझे थोरले दीर सगळ्यांत पुढे. त्यांच्या दोन मोठ्या बोटी म्हणजे आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. ते हसत म्हणाले, की शहराबाहेरच्या नव्या शीतगृहाचा स्वतःचा जनरेटर आहे. हसत म्हणाले, पण म्हणाले.

आमचा जनरेटर दिवे आणि पंप चालवतो, कॉम्प्रेसरपुढे हात टेकतो. पण तू काळजी करू नकोस, मी अजून टेकलेले नाहीत. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो बंदीतून सुटलेला असावा.

तुझी,
बारकी


१४ जानेवारी

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

इथलं सांगते. ऑफिसच्या खिडकीतून बघावं तिकडे जहाजं नांगर टाकून उभी आहेत, रिकामी. कोळसा वाहून नेणारे पट्टे बंद आहेत. जन्मभर त्या घरघरीला शिव्या दिल्या, आणि आता ती नाही तर कान दुखतात. आवारात ढीग मात्र वाढतोय. कोळसा फार दिवस पडून राहिला की आतून धुमसायला लागतो, म्हणून त्यावर पाणी मारत बसतो. तुमच्याकडे अंधार आणि इथे आम्ही कोळशाला आंघोळ घालतोय.

बंदी उगाच घातली नाही गं. बाहेर भाव चढला तशी खाणवाल्यांनी घरच्या गिऱ्हाइकांकडे पाठ फिरवली आणि सगळा माल जहाजांत भरला. आमचीच वीजघरं रिती व्हायची वेळ आली. आता आमच्या टेबलावरचा फोन खाली ठेवता येत नाही. थंडीच्या देशांतून विचारतात की घरं गरम कशी ठेवायची, पोलादवाले विचारतात की भट्ट्या विझवायच्या का, आणि उकाड्यातल्या शहरांतून पंख्यांसाठी रड आहे. समुद्राच्या या एका पट्ट्यात इतक्या लोकांची चूल आमच्यावर आहे हे मला ऑफिसात बसूनही इतकं कधी कळलं नव्हतं.

तुझे दाजी त्यांच्या टगबोटीवर नुसते बसून आहेत. ओढायला जहाजच नाही, म्हणून घरी आल्यावर मला ओढतात. आप्पांना जप. स्वतःलाही. आमचं प्रेम बिनवीज चालतं, ते असू द्यावं.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आज टाळाटाळ न करता लिहिते.

मी मिठाच्या पाण्याचा अर्धा हौद बंद केला. सगळे डबे अर्धवट गोठण्यापेक्षा अर्धे डबे पुरते गोठलेले बरे. आप्पा मान हलवत उभे होते, पण आडवे आले नाहीत. बर्फ आता निम्मा आहे आणि बोटी तेवढ्याच. परवा एका बोटीची सगळी मासळी आमच्या दारात खराब झाली. तिची मालकीण रडली नाही, ओरडली नाही, टोपली माझ्या पायाशी उपडी करून निघून गेली. तो वास अजून अंगणात आहे.

वीजघरातले इंजिनिअर आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले की बंदी महिनाअखेर उठेल असं दिसतंय, पण आमचं जहाज रांगेत बरंच मागे आहे, आणि कुठलं जहाज आधी धक्क्याला लावायचं ते तिकडच्या बंदराच्या ऑफिसात ठरतं. ताई, ते टेबल तुझं आहे हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आई गेली तेव्हा तू समुद्रापलीकडे होतीस, आप्पांचं सगळं मी केलं, आणि ते आनंदानं केलं. आता मागते. आमचं जहाज पहिलं काढ. एक आठवडा आधी आलं तरी कारखाना तगेल. थोरले दीर शीतगृहवाल्यांशी बोलून आलेत. ते गेले की बाकीचे जातील.

हो किंवा नाही, लवकर कळव. लोभ किती आहे ते यावरून कळेल, असं लिहिणार होते. लिहिलंच.

तुझी,
बारकी


२९ जानेवारी

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

नाही.

खाली जे लिहिते ते वाचायच्या आधी हे वाचावंस, म्हणून आधी लिहिलं. गोडीगुलाबीनं तुला ताटकळत ठेवणं मला जमलं नसतं.

बंदी आता उठतेय, आणि जहाजांच्या रांगेचा नियम साधा आहे. ज्या वीजघराचा साठा सर्वांत कमी, त्याचं जहाज आधी. तुमचं वीजघर आणि एका बेटावरचं वीजघर, दोघांचा साठा जवळजवळ सारखा आहे. त्या दोघांत आधी कुणाचं नाव, हे मी लिहीन तेच खरं. कुणी विचारणारही नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुमचं जहाज वर लिहिलं होतं. दुपारचा चहा होईपर्यंत ते तसं होतं.

मग मी दोन्हीकडच्या कागदांवरून नजर फिरवली. तुमच्या शहराला थोडी वीज धरणातून मिळते. त्या बेटावर एकच वीजघर, आणि एकच इस्पितळ. ते आज दिवसाचे काही तास मेणबत्त्यांवर चालतंय. मी नाव खाली घेतलं. साहेबांना सांगितलं, की माझी बहीण या शहरात राहते, तेव्हा ही दोन जहाजं दुसऱ्या कुणाला बघू द्या. त्यांनी विचारलं, की बहिणीचं वर लिहिलंय का खाली. खाली म्हटल्यावर म्हणाले, की मग तुम्हीच बघा.

आईच्या वेळचं तू लिहिलंस. ते खरं आहे. पण त्याची भरपाई मी दुसऱ्या कुणाच्या जहाजानं करणार नाही. माझ्या पगारातून, माझ्या रजेतून, माझ्या अंगमेहनतीनं जे हवं ते माग, लगेच देईन.

रागावशील. रागाव. फक्त पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझीच,
ताई


१० फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
आप्पांचे अ. आ.

मी पत्र लिहितोय हे बारकीला माहीत नाही. माझं अक्षर वाचता आलं नाही तर जावईबापूंना विचार, ते धुक्यात जहाज ओळखतात.

तुझं पत्र तिनं वाचलं, घडी केली आणि बर्फ फोडायला गेली. तेव्हापासून तुझं नाव काढलं की ती माझ्यापेक्षा बहिरी होते. पण हातपाय गाळून बसलेली नाही हे तुला कळावं, म्हणून लिहितो. हौदाची झाकणं तिनं भुशाच्या पोत्यांनी झाकली. गारवा बराच टिकतो. हा कारखाना मी उभा केला, मला हे कधी सुचलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलं.

मग तिनं सगळ्या बोटवाल्यांना अंगणात बोलावलं. स्टुलावर चढून सांगितलं, की बर्फ एवढाच आहे. मासळी घेऊन आलेल्या बोटीला आधी, समुद्रावर निघणारीला नंतर, आणि मोठी बोट म्हणून कुणाला जास्त नाही. बराच आरडाओरडा झाला असावा. मला ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसत होती. ती स्टुलावरून उतरली नाही.

तू नाही म्हणालीस ते बरोबर की चूक, हे मला विचारू नकोस. दोघी माझ्या. पण तिच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस, तूच लिही. मोठी आहेस. माझी प्रकृती ठीक. कळावे, आणि कळतं तुला, ते जाणून आहे.

आप्पा


२१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण जे लिहिलं असतं ते टपाल खात्यानं परत पाठवलं असतं.

जहाज आलं. बघायला सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं, मी गेले नाही, मला कामं होती. चार दिवसांनी वीज सलग राहिली आणि मी पूर्ण हौद सुरू केला.

पण त्याआधी एक झालं ते सांगते. जहाज यायच्या आदल्या आठवड्यात थोरले दीर मागच्या दारानं आले. दोन्ही बोटी निघायच्या होत्या, मासळीचा मोठा थवा लागलाय अशी खबर होती. घरचा माणूस म्हणून आधी भरून दे, बाहेर कुणाला कळणार नाही, असं हळू आवाजात म्हणाले. पुढच्या दाराशी तीन लहान बोटी मासळी घेऊन उभ्या होत्या. त्यांत ती टोपली उपडी करून गेलेली बाईही होती. ताई, मी एकदा पुढच्या दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. आणि म्हटल्याबरोबर आधी तुझा राग आला, कारण ते तोंड तुझं होतं. त्या बाईला लाद्या उतरवून देताना डोळ्यांत पाणी होतं, ते बर्फाच्या वाफेचं म्हणून खपलं.

दीर गेले. शीतगृहवाल्यांकडेच गेले आणि परत येणार नाहीत. आमच्या ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. सख्खा भाऊ त्यांचा, मी कोणत्या तोंडानं समजावणार? तिसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी न सांगता कारखान्यात आले आणि लाद्या ओढायला लागले. गणिताचे मास्तर आहेत, एकही लादी सरळ ओढली नाही. लहान बोटी मात्र सगळ्या आपल्याकडे राहिल्या. त्यांच्या जोरावर कारखाना चालेल का? चालवीन.

मी तुझ्यावर रागावले होते ते खोटं नव्हतं. तू आईच्या वेळचं ऐकूनही हलली नाहीस, ते अजून थोडं दुखतं. पण मला आता माहीत आहे की तुलाही दुखलं असणार.

आणखी एक, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. इंजिनिअर म्हणाले, की एकाच बंदरावर विसंबून राहायची चूक वीजघर पुन्हा करणार नाही. पुढच्या वर्षी तुमच्याकडून अर्धाच कोळसा, बाकीचा दुसरीकडून, आणि किनाऱ्यावर पवनचक्क्या. मीही कारखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसवतेय. दिवसाचा कॉम्प्रेसर निदान माझ्या उन्हावर चालेल. तुझ्या बंदराचं अर्धं गिऱ्हाईक आम्ही कमी करतोय. मी विचार करून करतेय आणि मागे घेणार नाही.

आता तू रागाव. लोभ धरशीलच, मला घाई नाही.

तुझी,
बारकी


१ मार्च

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या मास्तरांना सरळ लादी ओढता येवो.

खुशाल कमी करा. अशी पत्रं मला आणखीही ठिकाणांहून येताहेत. एकदा दार लावलं की लोक दुसरी दारं शोधतात, आणि शोधावीतच. इथे धक्के रिकामे राहायला लागतील तेव्हा माझं मी बघेन. दाजी म्हणतात की टगबोटीला काय, जे तरंगेल ते ओढू. मी पवनचक्क्यांची पाती वाहणाऱ्या जहाजांची चौकशी सुरू केली आहे. त्यांनाही कुणीतरी पाळीनं धक्क्याला लावायला हवंच.

तुला दुखलं, मलाही. त्यावर पत्रातून फुंकर घालता येत नाही, म्हणून रजा टाकली आहे. पुढच्या महिन्यात येते. महिनाभर राहीन आणि आप्पांचं सगळं मी करीन. तू आडवी येऊ नकोस.

त्या बेटाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. जहाज वेळेत पोचलं. तिकडून ना पत्र आलं ना फोन. आपण दोघी आहोत हेच त्यांना माहीत नाही. इस्पितळात दिवे लागले असतील आणि लोक आपापल्या कामाला लागले असतील.

माझं अंथरूण हौदाच्या बाजूच्या खोलीत घाल, तुझ्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकत झोपेन.

तुझी,
ताई