सांगाडा ताडकळसला, इंजिन परभणीला

मी, बन्सीधर मुंजाजी आवरगंड, वय वर्षे एक्कावन्न, धंदा 'चिमटा' हे पाक्षिक चालवणे, राहणार ताडकळस, जिल्हा परभणी, हा कागद माझ्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि आग्रहाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. ज्यांच्याबद्दल 'चिमटा'त छापून आले त्यांना याविषयी फार दिवसांपासून शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे. ती बदलून घेण्यासाठी परवा हैद्राबादला जायचे आहे. मोटारीची झडप बदलताना इंजिन बंद ठेवतात, तसे माझेही ठेवणार आहेत म्हणे. ते पुन्हा सुरू झाले की नाही हे पाहायला मी हजर असेनच असे नाही, म्हणून पुढील व्यवस्था.

१. ताडकळसचे राहते घर, मागचा गोठा आणि ओढ्याकाठचे शेत माझी पत्नी नर्मदाबाई हिला द्यावे, तिच्यानंतर मुलगी मालन हिला. पोरीच्या नावाने जमीन कशी, असे भावकीतून कोणी विचारील. त्यास सांगावे की पोरगी परभणीच्या शाळेत विज्ञान शिकवते, तिला मोजमाप कळते. भावकीला अजून बांध कुठे आहे ते कळलेले नाही. तो दर पेरणीला हातभर आमच्याकडे सरकतो.

२. परभणीच्या छापखान्याची खोली, ट्रेडल मशीन व अक्षरांचे खिळे मालनला. 'चिमटा' चालवायचा की बंद करायचा हे तिने ठरवावे. चालवल्यास बापाचा फोटो छापू नये, विकला जाणार नाही. खोलीच्या रस्त्याकडच्या खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्या असे मी अठ्ठ्याहत्तर साली छापले, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती काच फुटली. फोडणाऱ्यांपैकी एक जण आता लग्नपत्रिका छापायला माझ्याकडेच येतो आणि पुठ्ठ्याकडे पाहून म्हणतो, "आवरगंड, काच बसवून घ्या की, वारं लागायलंय." तो पुठ्ठा काढू नये. विद्यापीठाची पाटी बदलेल त्या दिवशी मालनने स्वतः उभे राहून काच बसवून घ्यावी. पत्रिकावाल्यास त्या दिवशी चहाला बोलवावे.

३. माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर ज्यांच्यावर मी लिहिले त्यांनी भाषणे करू नयेत, म्हणजे सभा आपोआपच होणार नाही.

४. आता मुख्य गोष्ट. गोठ्यात बैलांच्या शेजारी मोटारीचा एक लाल सांगाडा उभा आहे. त्याला चार चाके, दोन बैठका आणि एक स्टिअरिंग आहे. इंजिन नाही. इंजिन परभणीला, स्टेशन रोडवर, माझे मित्र मन्मथअप्पा यांच्या पंपाच्या दुकानात लाकडी पाटावर आहे. गेली अकरा वर्षे हे असेच आहे, आणि त्याचे कारण कागदावर यायला हवे, नाहीतर लोक म्हणतील दोघे पैशावरून भांडले. आम्ही इतके हलके लोक नाही. आम्ही इंजिन कुठे बसवावे यावरून भांडलो.

सुरुवात एकोणसत्तर साली पाथरीच्या रस्त्यावर झाली. एक जर्मन जोडपे ठेंगण्या पिवळ्या मोटारीत बंद पडले होते. एसटीतून उतरून मी आणि आप्पा पाहायला गेलो. लोकांनी पुढचे झाकण उघडले, तर आत दोन विजारी, एक स्टोव्ह आणि बटाटे. इंजिन चोरीला गेले असे ठरले. जमादाराने पंचनामा लिहायला घेतला, दोघा-तिघांनी चोराला पाहिल्याचेही सांगितले. तेवढ्यात आप्पा मोटारीच्या मागे गेला आणि झाकणावर तळहात ठेवून म्हणाला, "हे हितं तापलंय, अन् तुमी पुढं काय बघायलात?" इंजिन मागे होते. पट्टा तुटला होता. आप्पाने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधली आणि गाडी गेली. जमादाराने पंचनामा फाडला. आप्पाने मात्र त्या दिवसापासून मोटारीचे इंजिन मागेच असावे असे ठरवून टाकले.

मी शेतकऱ्याचा पोर. बैलगाडी मागे जड भरली की उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून माझे वडील ज्वारीची पोती मध्यावर, आसाच्या जवळ रचायचे. मोटारीचेही तेच. ओझे मध्यावर, माणसाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. इटलीत फेरारीवाले तसे करतात. जर्मनीत पोर्शेवाले मागच्या चाकांच्याही मागे इंजिन लटकवतात आणि तरी शर्यती जिंकतात, हे मला मान्य आहे. हट्टी माणसेही कधी कधी जिंकतात.

हैद्राबादच्या रविवारच्या बाजारातून आम्ही मोटारींची जुनी इंग्रजी मासिके आणायचो. शर्यतीचा निकाल जगाला कळून दोन वर्षे झालेली असायची, तेव्हा आमच्याकडे पैज लागायची. पुढे वाटणी झाली. पोर्शेची पाने आप्पा फाडून नेई, फेरारीची मी ठेवी. यंदा कधी नव्हे तो ताजा अंक मिळाला, त्यात त्यांची पोर्शे नऊशे एकोणसाठ आणि आमची फेरारी एफ चाळीस यांची तुलना एकाच लेखात आली. दोन्ही ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे धावतात. तो लेख मधोमध फाडला गेला. विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही दोघांनीही आजतागायत वाचलेले नाही. या जिल्ह्यातले पुढारीही असेच करतात, पण ते मासिके विकत घेत नाहीत. माझ्याकडची सर्व पाने आप्पाला द्यावीत. वाचावीत.

सत्त्याहत्तर साली एक मोडकी फियाट लिलावात निघाली. आम्ही दोघांनी मिळून ती घेतली, पत्रा काढून टाकला, सांगाडा बुटका केला, वर नवा पत्रा ठोकून लाल रंग दिला. इंजिन बसवायच्या दिवशी वकील दिनकरराव पाहायला आले होते. म्हणाले, "फियाटचं ते पुढं असतं. पुढंच बसवून टाका ना." आम्ही दोघांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की ते घरी गेले. आमचे एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. संध्याकाळी आप्पाने इंजिन टेम्पोत घालून परभणीला नेले.

तेव्हापासून दसऱ्याला मी सांगाड्याला हार घालतो, आप्पा इंजिनाला विभूती लावतो. दसऱ्याला जो दुसऱ्याच्या दारात जाईल तो हरला, असे न बोलता ठरलेले आहे. म्हणून सोने द्यायला आम्ही अर्ध्या वाटेवरच्या फाट्यावर भेटतो. तो परभणीच्या एसटीने येतो, मी ताडकळसच्या. आपट्याची पाने देतो, गळाभेट घेतो, इंजिनावर बोलायला लागतो आणि दोघांच्याही परतीच्या गाड्या चुकतात.

सांगाड्यात इंजिनासाठी मी मधे जागा सोडली आहे. त्या जागेत नर्मदाबाईची कोंबडी बसते. "तिनं तितं अंडी तरी घातली," असे नर्मदाबाई म्हणते, "तुमी दोघांनी काय घातलं?" मालनचे म्हणणे वेगळे. "दादा, तू गाडीत बसून शाळेला जाशील म्हणाला होतात. आता मी शाळेत शिकवायला जाते, तेही लुनावर." गाडी धावावी एवढी एकच इच्छा अपुरी आहे, आणि परवाच्या आत ती पुरी व्हायची नाही.

होऊ शकली असती. गेल्या गुरुवारी आप्पा टेम्पोत इंजिन घालून माझ्या दारात आला. दसरा नव्हता, तरी आला. ऑपरेशनचे त्याला कोणीतरी सांगितले होते.

"बन्सी, मधी तर मधी," तो म्हणाला. "चल, बसवू."

"अकरा वर्षं मागं मागं करायलास. आज मधी?"

"तुज्या मनासारखं होऊ दे म्हणलं."

"तुला पटलंय का, मधी बरोबर हाय म्हणून?"

खोटे बोलायची त्याला सवय नाही, दुकानदार असूनही. "पटलं न्हाई," तो म्हणाला.

"मग ने परत. दयेचं इंजिन मला नको."

"अवो, ठिवून तरी घ्या," नर्मदाबाई म्हणाली. "लोक आजाऱ्याला मोसंबी आणत्यात, भाऊजींनी एवढं जड आणलंय."

ठेवून घेतले नाही. आजारी माणसाला वादात जिंकू देणे म्हणजे त्याला आधीच मेलेला धरणे. टेम्पो परत गेला. कोंबडी जागेवर बसली.

५. म्हणून आता अखेरचे. माझ्या पश्चात हा सांगाडा मन्मथअप्पांना द्यावा. इंजिन त्यांनी त्यांना पटते तिथेच, म्हणजे मागेच, बसवावे. माझ्या आठवणीखातर ते मधे बसवल्यास हे कलम रद्द समजून सांगाडा कोंबडीला द्यावा. गाडी तयार झाल्यावर परभणीहून पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनास न्यावी. शेजारच्या बैठकीवर मालनने बसावे आणि वळणावर गाडीचा मागचा भाग कसा वागला ते खरे सांगावे. शिक्षिका आहे, बापाला फुकट मार्क देणार नाही. गाडी वळणावर घसरली तर आप्पाने माझे नाव घ्यावे. नीट वळली तर घेऊ नये, पुढे जावे.

६. मी हैद्राबादहून परत आलो तर हा कागद चुलीत घालावा आणि भांडण होते तिथून पुढे सुरू करावे.

दिनकररावांनी सांगितले आहे की ज्याला या कागदाने काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे देणे वादात पडते. म्हणून दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे लिंबाजी यांना बोलावले आहे. आप्पालाही बोलावले आहे, ते फक्त ऐकायला.

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, तो माझा आहे, आणि खाली सही करतो.

बन्सीधर मुंजाजी आवरगंड
ताडकळस, सोमवार, दिनांक १२ सप्टेंबर १९८८

साक्षीदार:

१. दिनकरराव किशनराव जामकर, वकील, परभणी. सही माझ्यासमक्ष झाली. लिंबाजी बैलांना पाणी पाजून येईपर्यंत त्यांच्यासाठी राखलेल्या जागेवर खालील गृहस्थांनी माझ्या हातातून पेन घेऊन सही केली. परिणाम त्यांना समजावून सांगितला. समजला म्हणतात.

२. मन्मथअप्पा गुरुपादअप्पा साखरे, पंपाचे दुकान, स्टेशन रोड, परभणी. साक्षीदाराला काई भेटत न्हाई म्हणं, म्हणून साक्षीदार झालो. सांगाडा मला नको. बन्सी, तुजा तूच ये अन् बसव. इंजिनात तेल घालून ठिवतो. दसऱ्याला मी फाट्यावर येणार न्हाई, तुज्या घरी येणार हाय. अन् इंजिन मागंच बसतं.