दक्षिणेकडचं अंथरूण

नरसिंहपूर,
१२ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
संघपालचा सविनय जयभीम वि. वि.

इथं नदीकाठच्या रस्त्याला भिंत बांधतोय. दगडाची नाही. मुरमाचा थर, त्यावर प्लास्टिकची जाळी, पुन्हा मुरूम. तुझी गोधडीच म्हण. जाळीचे बळकट धागे भिंतीपासून आत, दक्षिणेला गेले पाहिजेत. तेच भिंतीला धरून ठेवतात.

मजूर बायकांची म्होरकी म्हाळसा मात्र अडून बसली. दक्षिणंला अंथरायचं ते मढ्याला, आमी न्हाय अंथरणार, असं तिचं म्हणणं. मी हसलो आणि कामासाठी इंदापूरला गेलो. परत येतो तर पहिला थर मुरमाखाली दाबून तयार. पटलं म्हणायचं. पुढचे थर मी स्वतः उभं राहून घालून घेतोय. माझी खोली भिंतीच्या पायथ्याशीच आहे, काळजी नसावी.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा संघपाल

पणदरे,
३ मार्च

चि. संघपाल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इंजिनिअर झालास, पण बायकांचा स्वभाव कळायला लग्नच करावं लागेल बाबा. अडून बसलेली बाई गपचूप काम उरकते, तेव्हा तिनं आपलंच खरं केलेलं असतं. आई गेली तेव्हा मी तिच्याखाली अंथरलेली वाकळ शेजारच्या तानूबाईनं न विचारता दक्षिणेकडे फिरवली होती, विसरलास?

तो थर उकरून बघ. त्याआधी त्या खोलीतून बाहेर पड. मला धास्ती वाटते. आईमागं मला तूच आहेस.

जिवाला जपून राहावे.
तुझी ताई, रश्मी

नरसिंहपूर,
२० मार्च

ती. ताईस सविनय जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा बायकांनी आपल्या झोपड्या आधीच लांब हलवल्या होत्या. भिंतीच्या आत कुणीतरी कूस बदलतंय, असं म्हाळसा म्हणत होती. भर दुपारी वारा नसताना मुरूम सरकल्याचा आवाज मीही ऐकला होता, पण बोललो नव्हतो. तुझ्या शब्दाखातर सामान हलवलं. दुसऱ्याच दिवशी भिंत माझ्या खोलीवर आली. माणूस कुणी दगावलं नाही.

उकरलं तर पहिली जाळी आडवी, पूर्व-पश्चिम. सायबाच्या जिवासाठीच फिरवली, पर तेवढी एकच, असं म्हाळसा रडत म्हणाली. ते खरं आहे. वरचे थर माझ्या डोळ्यांदेखत दक्षिणेकडे घातले होते. ताई, तेही सगळे आडवे निघाले. कुणी फिरवले, मला सांगता येत नाही. मला भीती वाटते.

उद्यापासून नवी भिंत. जाळी दक्षिणेकडेच अंथरावी लागेल. कुणीही हात लावायला तयार नाही, तेव्हा पहिलं अंथरूण मलाच घालायचं आहे.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.
संघपाल