तुमच्या नावाचं पाणी

सुफानबुरी,
मंगळवार, २५ डिसेंबर

प्रिय ताताय,

तुमचा हात माझ्या कपाळाला लावून नमस्कार. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

मी बरी आहे. आज नाताळ, म्हणजे इथे थाई मुलखात नुसता मंगळवार. शाळा भरली आहे. लाल टोप्या घालून पोरं घामाघूम झालीत आणि "बाई, बर्फ कधी पडणार?" म्हणून डोकं खातायत. मी म्हटलं, "अरे, मी तरी कुठे पाहिलाय!" खिडकीबाहेर चाफा फुललाय, वारा पडलाय. सकाळपासून मी अर्धवट झोपेत असल्यासारखी वावरतेय.

त्याचं कारण सांगते. काल संध्याकाळी माझी घरमालकीण, लामदुआन मावशी, म्हणाली, "उद्या तुमचा मोठा सण ना? सणाला आपल्या गेलेल्या माणसांना जेवू घालावं. मी विहारात सांगून ठेवलंय. तुझ्या आईवडिलांना काय आवडायचं?"

आईचं सांगितलं. तुमचंही सांगितलं, ताताय. केळीच्या पानातला चिकट भात.

हो. इथे सगळ्यांना तुम्ही गेलात असंच माहीत आहे. मीच सांगितलं होतं.

आई गेली तेव्हा फोनवर तुम्ही म्हणालात, "आईच्या मातीला आली नाहीस, आता बापही मेला असं समज." मी समजले. परीक्षा आहेत, रजा मिळत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. साफ खोटं होतं ते. रजा मिळाली होती, बॅगही भरली होती. पण आईला तसं निजलेलं बघायची माझी छातीच झाली नाही. बसस्टँडवरून परत फिरले. नंतर कुणी वडिलांची चौकशी केली की "नाहीत" म्हणणं सोपं पडायचं.

तर आज सकाळी विहारात गेलो. धुकं होतं. भिक्खू एका सुरात मंत्र म्हणत होते आणि मी पितळी भांड्यातून हळूहळू वाटीत पाणी ओतत होते, पुण्य तुम्हा दोघांना पोचावं म्हणून. उदबत्तीचा धूर, तो सूर, पाण्याची बारीक धार. आई मागे येऊन बसलीय असं वाटलं मला. अगदी खरं वाटलं. मान वळवायचीही भीती वाटली, वळवली तर उठून जाईल म्हणून.

मग थोरल्या भिक्खूंनी गेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या पेटवल्या. आधी आईची. मग तुमची. 'रेस्तितुतो'मधला 'रे' काळा पडला आणि मी सरळ हात घालून चिठ्ठी विझवली. "ते जिवंत आहेत!" ओरडले, तेही आपल्या भाषेत. सगळे नुसते बघत राहिले. मग थाईत सांगितलं.

"अगं भवाने!" मावशी किंचाळली. "सहा वर्षं जित्या बापाला मारून बसलीस? आणि मला पहाटे उठून त्याचं जेवण रांधायला लावलंस?"

थोरले भिक्खू मात्र हसायला लागले. म्हणाले, "पाणी जिवंत माणसालाही पोचतं गं. पण पत्र धाडलंस तर लवकर पोचेल."

दुपारी मावशी डबा घेऊन शाळेत आली, तोंड फुगवूनच. डबा टेबलावर आपटला आणि जाता जाता दारात थबकली. "पोरी, तो आहे ना पण? शेवटचं कधी बोलणं झालं?"

ती गेली आणि मी हे पत्र लिहायला बसले. तुम्हाला आता चौऱ्याहत्तरावं लागलं. एकटे होडी घेऊन समुद्रात जाता. तुमचा जुना फोन लागत नाही आणि गावात दुसऱ्या कुणाला विचारायची मला लाज वाटते. मी तुम्हाला मारलं तेव्हा तुम्ही होतात, एवढंच मला ठाऊक आहे. मला फार भीती वाटतेय, ताताय. बोट भाजलंय, म्हणून अक्षरही असं वेडंवाकडं आलंय.

एप्रिलमध्ये सुट्टी आहे. मला दारात उभं करायचं की नाही ते तुम्ही नंतर ठरवा. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पानभर लिहा. काहीच लिहायचं नसेल तर कोरा कागद पाकिटात घालून पाठवा. पाकिटावरचा पत्ता तेवढा तुमच्या अक्षरात असू द्या.

तुमचीच,
मेर्लिंदा