फवारणीच्या पंपाची साक्ष

सायखेडा,
ता. २ मे २०२६

चि. सौ. उज्वला हिस,
दादांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो, आणि ही गोष्ट जावईबापूंनी आधी तुझ्या तोंडून ऐकलेली बरी.

तुझ्या आईचा मोबाइल आठ दिवसांपासून बाजरीच्या कोठीत आहे. तिचा फेसबुकवरचा 'चुलीवरची चव' हा ग्रुप तुला ठाऊकच आहे. तोंड दाखवायला लाजते, म्हणून व्हिडिओत नुसते हात आणि कढई. धोंड्याचा महिना जवळ आला म्हणून तिने अनारसे करून दाखवले. त्याखाली 'नाशिकचा वाघ' नावाच्या कुणा थोर पुरुषाने लिहिलं, की ए फुली-फुली म्हातारे, हे अनारसे आहेत की रस्त्याची खडी? (फुल्या माझ्या. मूळ शब्द मी बैलालासुद्धा कधी वापरला नाही.) पुढे लिहिलं, की माझ्या सासूनेही मागच्या धोंड्याला असलेच दिले, दाढ गेली, आणि वर सासऱ्याने चांदीच्या ताटाऐवजी फवारणीचा पंप दिला.

तुझ्या आईने शिवीपर्यंतच वाचलं. अनारशासाठी भिजवलेले तांदूळ कोंबड्यांना घातले आणि म्हणाली, आता जन्मात पुन्हा नाही. मी मात्र शेवटपर्यंत वाचलं. तीन वर्षांपूर्वी जावयाला फवारणीचा पंप देणारा शहाणा उभ्या जिल्ह्यात मी एकटाच. मल्हाररावांना जरा विचार, त्यांच्या ओळखीत दुसरा कुणी आहे का.

बाकी क्षेम. मुलीवर रागवायचं काही कारण नाही, तेव्हा लोभ आहे तसाच.
तुझे दादा

*

गंगापूर रोड, नाशिक,
ता. ८ मे २०२६

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, माळ्यावरून पंप काढला आणि टीव्हीसमोर ठेवला. वाघ घरी आले, पंप पाहिला आणि बूट न काढताच खाली बसले.

दादा, हा माणूस कचेरीत साहेबापुढे 'हो' आणि 'जी' सोडून तिसरा शब्द बोलत नाही. भाजीवाल्याशीही अहो-जाहो. आणि रोज संध्याकाळी पाऊणएक तास बाल्कनीत बसून मोबाइलवर कुणाकुणाच्या आया-बहिणी काढत होता. मला वाटायचं, बातम्या वाचताहेत! म्हणतात, तिथे सगळेच तसं लिहितात. आवाज बंद ठेवून पाहत होते, त्यामुळे ते आईचे हात आहेत हे कळलं नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या आईचे असते तर चाललं असतं, असं मी विचारलं. तेव्हा कुठे बूट काढायला लागले.

आता खातं बंद करतो म्हणतात. पण आईंना एवढं सांगू नकोस, म्हणून माझ्या पाया पडायचेच बाकी आहेत. काय करू?

आईला जप. लेकीला अंतर देऊ नका.
तुमची उज्वला

*

सायखेडा,
ता. १३ मे २०२६

चि. मल्हारराव यांस,
अनेक आशीर्वाद.

येत्या रविवारी अधिक महिना लागतो. दुसऱ्या रविवारी, चोवीस तारखेला, धोंड्याच्या जेवणाला सहकुटुंब यावं. पाट मांडू, ओवाळू, जावयाचा मान तसूभर कमी होणार नाही.

तेवढं खातं बंद करू नका. वाघाने शेपूट घालून पळून जावं, हे शोभत नाही. ज्या नावाने घाण केली त्याच नावाने तिथे माफी मागा आणि खाली आपलं खरं नाव घाला. सासूबाईंना मी काही सांगणार नाही. ते काम तुमचं, आणि पहिल्या घासाच्या आधीचं. घास गिळून सांगितलंत तर वाढल्याचा पस्तावा तिला व्हायचा.

पंप सोबत आणा. द्राक्षांवर फवारणीला लागेल.

या. लोभ ठेवायचा की नाही, ते चोवीस तारखेला ठरवू.
धोंडीराम

*

सायखेडा,
ता. ५ जून २०२६

जावईबापूंना लंकाबाईचा आशीर्वाद.

तुम्ही पाटावर बसून मान खाली घालून सगळं सांगितलं, तव्हा मी एक शबुद बोलले नाय. धोंडे वाढले, अनारशाच्या जागी दुकानचे तेहतीस बत्तासे दिले. बोलले आसते तर त्या वाघात आन माझ्यात फरक काय ऱ्हायला आसता?

तुम्ही घरी गेल्यावर गुरुपात खऱ्या नावानं माफी मागितली, ते ह्यांनी वाचून दाखवलं. मग खाली नांदगावच्या विमलाबाईनं तुम्हाला काय काय लिव्हलं, तेबी वाचलं. आरं देवा! वाघ बरा म्हणायची पाळी आली. मंग मीच कोठीत हात घालून फोन काढला. तिचं पुसून टाकलं आन लिव्हलं, हितं शिवी चालायची नाय, माझ्या जावयालाबी नाय.

फोन भाईर आलाच व्हता, मंग परत तांदूळ भिजवले. तीन दिस रोज पाणी बदललं, पीठ पाच दिस मुरवलं. कालच्याला तळले आन व्हिडिओबी टाकला. आवंदा तोंड दाखवलंय. आता कुणाला काय बोलायचं ते माझ्याकडं बघून बोलंल.

एक मातर मनाला लागलं बापू. शिवी नाय, दाढ. तीन वर्सं तुम्ही गप ऱ्हायला. तव्हाच म्हणला आसता, आई, कडक झालेत, तर म्या पीठ आजून दोन दिस मुरवलं आसतं.

ह्या पत्रासंगं डबा धाडलाय. तेहतीस हायेत. खाऊन कसे झाले ते सांगा. गुरुपात नगं, मला फोन करून सांगा.

लोभ हाये, दातबी संभाळा.
तुमची सासू लंकाबाई