दोघेही एक जूनचे

सोमवार, ३ नोव्हेंबर
चुकीच्या माणसाला टोचलं! वाकडच्या स्कॅन सेंटरहून घरी जाताना बसमध्ये लिहितेय.

आज दोन उद्धवराव होते. एक कुरुळीचे, हाडांच्या स्कॅनसाठी. दुसरे निगडीचे, कॅन्सर किती पसरलाय ते बघायला पेट स्कॅन, कालपासून उपाशी. दोघांचं किरणोत्सारी औषध वेगळं. मी दारातून हाक मारली — उद्धवराव! कुरुळीचे उठले. नियम आहे : पूर्ण नाव, पूर्ण जन्मतारीख, दोन्ही पेशंटच्याच तोंडून. मी नुसती जन्मतारीख विचारली. "एक जून." कागदावरही एक जून. सालापर्यंत थांबले नाही. आडनाव विचारलंच नाही. पेटचं औषध शिरेत गेलं.

एक जून! पप्पांचीही एक जूनच. गावाकडे मास्तरांनी ज्याला त्याला तीच तारीख लावली, हे मला माहीत नव्हतं? मला?

पाच मिनिटांनी निगडीचे दारात. "मॅडम, माझा नंबर कधी? गरगरतंय."

मिहिर सर आमच्यात सीनियर. त्यांना सांगितलं. ते आधी दार लावून आले. "रडू नकोस. रजिस्टरला लिही, डोस सांडला." मी लिहिलं. माझ्याच अक्षरात! कुरुळीच्यांना सांगितलं, मशीन बंद पडलं, उद्या या. निगडीच्यांना उरलेल्या औषधातून दुपारी तीनला टोचलं. तोवर माणूस उपाशी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कुरुळीचे उद्धवराव आले, स्कॅन झाला. जाताना मला हात जोडले. मला!

रविवार, ९ नोव्हेंबर
पेटच्या विशेष प्रमाणपत्राची मुदत तीस तारखेला संपते. नूतनीकरणाचा फॉर्म उघडला. प्रशिक्षणाचे तास पुरे आहेत. प्रश्न अकरा : गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून चुकीच्या रुग्णाला औषध दिलं गेलं का? हो / नाही.

लॅपटॉप मिटला.

हे प्रमाणपत्र गेलं तर सेंटर इंजेक्शनला हात लावू देणार नाही. मग मी कोण? दुसऱ्या प्रयत्नात पास झाले होते. पप्पांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. चाकणच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये सगळ्यांना सांगतात, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, अन् अणूचं काम करते!" आई म्हणते, "हळू बोला, लोकांना वाटेल बॉम्ब करते."

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मिहिर सरांना फॉर्मचं बोलले. त्यांचा चेहराच उतरला. "तू 'हो' लिहिलंस की रजिस्टर मागवतील. लिहायला कोणी सांगितलं विचारतील. मला दोन लहान मुली आहेत गं." मग हसून, "आणि उद्धवरावांना झालं काय? धडधाकट आहेत!"

खरंच, काही झालं नाही. थोडा जादा किरणोत्सर्ग, बाकी काही नाही. तरी आता प्रत्येक पेशंटला नाव तीन-तीनदा विचारते. आज एक बाई म्हणाल्या, "विसरलीस का पोरी?"

रविवार, १६ नोव्हेंबर
जेवताना पप्पा सांगत होते. त्यांच्या लाइनवरच्या समाधानचं बोट गेलं. मशीनचं संरक्षक गार्ड कंपनीनेच काढून ठेवलं होतं. सुपरवायझरने लिहिलं — कामगाराचा निष्काळजीपणा. पप्पा म्हणाले, "कागद लिहिणारा त्यांचा. आपण फक्त अंगठा द्यायचा."

इथे कागद लिहिणारी मी आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर
कुरुळीला फोन केला. सवयीने आधी पूर्ण नाव, पूर्ण जन्मतारीख विचारली, तर ते म्हणाले, "बँकेतून बोलताय का? मी ओटीपी देणार न्हाई."

सगळं सांगितलं.

"म्हंजी मशीन बंद न्हवतं?"

"नाही काका."

"मंग आता अंधारात मी चमकनार का काय?" हसले. मी रडले. मग ते हसायचे थांबले. "मला खोटं सांगितलंत ते आवडलं न्हाई बघा, ताई. नातवाला सुट्टी काढाया लावली म्या. एक दिवसाचा पगार गेला त्याचा." थोड्या वेळाने : "त्या दुसऱ्या उद्धवरावांना सांगितलं का? लई भुकेला व्हता त्यो. मी बिस्कुट देत व्हतो, तर नको म्हनला."

नाही सांगितलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
निगडीला सांगितलं. फोन त्यांच्या बायकोने घेतला. ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

सोमवार, २४ नोव्हेंबर
'हो'वर खूण केली. खाली सगळं लिहिलं, 'डोस सांडला' हे खोटं होतं तेसुद्धा. मिहिर सरांचं नाव घातलं नाही. 'मी लिहिलं' एवढंच. हे धैर्य की भित्रेपणा, कळत नाही.

सहीसाठी अरुंधती मॅडमकडे गेले. विभाग त्यांचा. दोनदा वाचलं. "त्याच दिवशी माझ्याकडे का नाही आलीस?" सही केली. चौकशी होईपर्यंत इंजेक्शन बंद, मी रिसेप्शनला.

फॉर्म गेला. वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. कसलं काय!

बुधवार, २६ नोव्हेंबर
पप्पांना सांगितलं. फ्रेम उतरवली, पुसली, परत लावली. "वाकडी झालीय का बघ," म्हणाले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
मिहिर सर आज माझ्याशी बोलले नाहीत. कालही नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर
दुपारी मिहिर सर रिसेप्शनला आले. खुर्ची ओढून बसले. स्वतःचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. प्रश्न अकरा कोरा. "माझे चार आहेत," म्हणाले. "कसं लिहायचं, सांग."

मी रजिस्टर आणायला उठले, तर म्हणाले, "नको." चारही पेशंटची नावं त्यांना तोंडपाठ आहेत.