डाव्या बाजूची खरखर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार, दुपार

ती. आक्कास,
धाकट्या प्रसेनजीतचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? (दाजींचे विचारत नाही. ते खुर्चीतून उठतच नाहीत, त्यामुळे त्यांचे गुडघे अजून नवेच असणार.) कुरुंदवाडात सगळे खुशाल आहात असं धरून माझं रडगाणं सुरू करतो.

रविवारी अण्णांच्या स्मृतीचं पुण्यानुमोदन. विहारात त्यांच्याच आवाजातलं गाणं लावायचं, हे तू सगळ्यांदेखत कबूल करून बसलीस आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण स्टुडिओ माझा. कॅसेट अण्णांच्या तिशीतली, तोंडात सगळे दात स्वतःचे असतानाची. ती कॉम्प्युटरवर उतरवून लावली, तर अण्णांनी वरचा सूर ओढला की डावीकडच्या स्पीकरातून खर्रर्र! सूर खाली आला की गप्प. दुसऱ्या कुणाचंही गाणं लाव, तो स्पीकर गायीसारखा गरीब.

खरखर शोधायची एक रीत असते. आधी वायरींची अदलाबदल केली, खरखर डावीकडेच. मग अख्खे स्पीकर इकडचे तिकडे केले, तर सकाळपर्यंत सज्जन असलेला उजवा डावीकडे येताच बिघडला. हेडफोन लावले, त्यात आवाज स्वच्छ. म्हणजे कॅसेट निर्दोष, वायर निर्दोष, दोन्ही स्पीकर निर्दोष. उरली ती नुसती डावी बाजू. आक्का, तिथं माझ्या अंगावर काटा आला. आपल्या घरात भूत मानायची सोय नाही (अण्णांनीच ठेवलेली नाही), त्यामुळे मी घाबरलो नाही. फक्त दार उघडं ठेवून काम करू लागलो.

मंगळवार पेठेतला गुंडू साऊंडवाला बोलावला. त्यानं कान लावला आणि मागं सरकला. "पावणं, मशीन बरोबर हाय. लिंबू-मिरची बांधा की!" बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून हे! मी त्याला हाकललं. (तो चपला हातात घेऊनच पळाला, त्यामुळे हाकलण्याचं श्रेय मला फारसं मिळालं नाही.)

शेवटी दीक्षा आली. (तुझी भावजय स्टुडिओत फक्त माझ्या चुका काढायला येते.) "अहो, स्पीकर न्हाय, वरची फळी वाजत्या!" फळीवर जुन्या खोक्यांच्या मागं एक स्टीलची डबी. उघडली, तर अण्णांची कवळी! बोलणं संपलं की जिभेनं दाबून 'टक' वाजवायचे, म्हणजे चहा आणा, तीच. तरणे अण्णा सूर ओढत होते आणि म्हाताऱ्या अण्णांचे दात डबीत थरथरत साथ देत होते. "मामांना गाणं आवडलेलं दिसतंय," एवढं सासऱ्यांविषयी बोलून दीक्षा भाकरी थापायला निघून गेली.

अण्णांच्या वस्तू वाटल्या तेव्हा कवळी टाकून दिली, असं तूच सांगितलं होतंस. तुझ्याच्यानं टाकवली नसेल आणि घरी न्यायचा धीर झाला नसेल, म्हणून माझ्या फळीवर लपवलीस, एवढं मला कळतं. रागावलो नाही. डबी स्वयंपाकघरात हलवली आणि खरखर गेली. रविवारी गाणं छान वाजेल, निश्चिंत राहा.

तुझा धाकटा,
प्रसेनजीत

ता. क. कवळी परत न्यायची तयारी ठेवून ये. ती तांदळाच्या डब्यामागं असेपर्यंत दीक्षा भात करायला तयार नाही.

आणखी ता. क. पत्र मिटण्याआधी गाणं शेवटपर्यंत लावून बघितलं. खरखर खरंच गेली आहे. फक्त गाणं संपल्यावर डावीकडून 'टक' झालं. कॅसेटच्या वेळी कवळी नव्हती आणि आता ती स्वयंपाकघरात आहे. स्पीकर बंद केला, वायरी काढल्या. पुन्हा टक. फोन केला तर दीक्षा ऐकेल, म्हणून हे पत्र आत्ताच्या एसटीनं तुमच्याकडे निघालेल्या शेजारच्या पिराजीच्या हाती देतो आहे. रविवारची वाट बघू नको, उद्याच ये. भाकरीला मदत करायला आले, असं दीक्षाला सांग. मी चहा ठेवलाय. एक कप फळीवर ठेवू का, एवढं मात्र रात्रीच्या एसटीनं परतणाऱ्या पिराजीकडे निरोप देऊन आजच कळव.